सोराइदाबाईंनी टोलनाका जिंकला त्याची हकीकत

श्री सांता रोसेन्दा प्रसन्न. तिच्याच नावाचे आमचे गाव, सान होसे शहराच्या पश्चिमेस, डोंगरउतारावर कॉफीच्या मळ्यांत वसलेले. गावचे पाद्रीबाबा, कॉफीमंडळाचे पंच आणि समस्त गाडीवान यांनी एके दिवशी एकत्र बसोन सेवकास आज्ञा केली की, आपल्या गावातून जो महामार्ग जातो तो पूर्वी काय होता, मग काय जाहला, त्याजवर जकात कोणी बसविली आणि ती जकातीची गढी दोघी बहिणींनी कैसी हस्तगत केली, ऐसे साद्यंत वृत्त लिहोन ठेवावे, कारण हल्लीची पोरे मोटारीच्या काचा चढवोन जातात आणि त्यांस काही ठाऊक नसते. आज्ञा शिरसावंद्य मानोन लिहितो. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले आहे, जे ऐकिले तेही लिहिले आहे, आणि जेथे दोन्ही नव्हते तेथे गावच्या इभ्रतीस शोभेल ऐसे लिहिले आहे.

आदौ रस्ता नव्हता, चिखल होता. त्या चिखलातून रंगीत चाकांच्या बैलगाड्या कॉफीची पोती लादोन पश्चिमेच्या बंदरास जात, आणि बैलांस वाट पाठ असल्यामुळे गाडीवान निजोन जात, आणि समोरून दुसरी गाडी आली म्हणजे दोघे गाडीवान जागे होऊन खाली उतरत, मग तंबाखू देत-घेत कोणाच्या बैलांनी वाट द्यावी याचा खल करीत, आणि खल संपेतो दिवस मावळे. आजचे लोक यास वाहतूक कोंडी म्हणतात, तेव्हा त्यास भेटगाठ म्हणत. वाटेच्या उत्तर अंगास एक थोर उंबर उभा होता. आमच्या गावात घरांस क्रमांक नाहीत, गल्ल्यांस नावे नाहीत, तेव्हाही नव्हती आणि आताही नाहीत, म्हणोन ज्याने त्याने आपला पत्ता उंबरापासून अमुक वार पूर्वेस, तमुक वार खाली, ऐसा सांगावा आणि सर्वांनी बिनचूक पोहोचावे, ऐसी वहिवाट होती.

त्याच उंबराच्या सावलीस उमान्या घराण्यात दोघी कन्या जन्मल्या. थोरली सोराइदाबाई, धाकटी निदियाबाई. थोरली माहेरच्या घरी उत्तर अंगास राहिली, धाकटी लग्न होऊन वाटेच्या दक्षिण अंगास गेली. पाठवणीच्या समयी मातोश्रींनी मुलगी परमुलखात चालली ऐसा आकांत मांडिला, वस्तुतः जावयाचे घोरणे माहेरी स्वच्छ ऐकू येत असे. मग ऐसा नेम पडला की रोज दुपारी तीनच्या सुमारास थोरलीने कापडी झोळीतून कॉफी गाळावी, किटली घेऊन वाट ओलांडावी, धाकटीने मक्याचा गरम पाव काढावा, आणि दोघींनी ओसरीवर बसोन गावातील समस्त लोकांची खबर घ्यावी. दुसरे दिवशी धाकटीने पाव घेऊन माहेरी यावे. या नेमात खंड म्हणोन पडला नाही, भांडण मात्र नित्य पडे, कारण आज कोणाची पाळी हे दोघींस कधीच एकमताने आठवले नाही.

पुढे सान होसेच्या दरबारास डांबराची आवड उत्पन्न जाहली. एक वजीर फीत कापावयास आला, पितळी वाजंत्री वाजली, वाट काळी कुळकुळीत जाहली आणि तिजवर आडवी साखळी टाकोन दरबाराने पहिली जकात बसविली. जकात घेणारा इसम छत्रीखाली खुर्चीत बसे आणि जेवणोत्तर त्यास डुलकी लागे. तेव्हा लोकांनी मोटारीतून उतरोन साखळी हलकेच खाली ठेवावी, मोटार पलीकडे न्यावी आणि साखळी आवाज न करिता पुन्हा अडकवावी, कारण निजल्या माणसास उठविणे हे आमच्या गावच्या रीतीत बसत नाही. त्या काळी सोराइदाबाई किटली घेऊन डावीकडे पाहात, उजवीकडे पाहात आणि पलीकडे जात.

मग शहर फुगले. जे कॉफीचे मळे होते तेथे बंगले उठले, बंगल्यांतून मोटारी निघाल्या, एकेका घरातून तीन तीन, आणि वाट पुरेना, म्हणोन दरबाराने ती चौपदरी केली व त्या कामी उंबर पाडिला. एका दिवसात झाड गेले, परंतु पत्ता गेला नाही. लोक पूर्ववत ‘जुन्या उंबरापासून’ ऐसेच सांगत राहिले. इतक्यात एका हिकमती इसमाने रस्त्याच्या दक्षिण अंगास, थोडे समुद्राकडे, दारूचा गुत्ता काढोन त्यास ‘जुना उंबर’ ऐसेच नाव दिले, आणि काही वर्षांनी तो गुत्ता जळोन खाक जाहला, तरी त्याचाही पत्ता कायम राहिला. येणेप्रमाणे गावात दोन जुने उंबर जाहले, आणि दोन्हींपैकी एकही जागेवर नव्हता. उत्तरेकडील लोक झाडापासून मोजत, दक्षिणेकडील लोक गुत्त्यापासून मोजत, आणि जो तो आपापल्या अंगास राहात असल्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. चौपदरी रस्ता ओलांडावयाचे काम आता जोखमीचे जाहले होते. निदियाबाई ओसरीवर उभ्या राहोन ताटपुसणे हलवीत, ते खाली आले की सोराइदाबाईंनी पदराखाली किटली घेऊन धावावे, आणि वय साठीस टेकले असताही त्या धावत.

अखेरीस दरबाराची तिजोरी रिती जाहली, आणि दरबाराने सारा रस्ताच इजाऱ्याने देऊन टाकिला. पोनिएन्ते नामे कंपनी समुद्रापलीकडून आली आणि तिजबरोबर गास्पार रोविरा नामे इंजिनेर आला, सडपातळ, गळ्यात टायची फीत, बोलण्यात अदब, आणि सावलीत उभे राहोन उन्हाचे काम करविण्यात निष्णात. त्याने दोघी बहिणींच्या घरांच्या नेमक्या मध्ये जकातीची गढी उभारिली. वर पसरट छप्पर, खाली काचेच्या चौक्या, आडवे दांडे, आणि मोटारीच्या काचेवर चिठ्ठी चिकटविलेली असली म्हणजे पीक ऐसा आवाज होऊन दांडा आपोआप वर जाई. लोक त्या आवाजावर इतके लुब्ध जाहले की जकात दिल्याचे दुःख विसरले. आणि रस्त्याच्या मधोमध, गढीच्या पूर्वेस व पश्चिमेस नजर जाईल तेथवर, छातीइतकी काँक्रीटची भिंत घातली.

त्या दिवशी किटली थांबली. डोळ्यांसमोरचे घर, परंतु तेथे जावयाचे तर आधी शहराकडील बस धरावी, मग दुसरी बस धरोन नदीवरील पुलावरून वळसा घ्यावा, मग पायी चढण चढावी, आणि कॉफीची वेळ टळोन रात्रीच्या जेवणाची वेळ यावी. ऐसी वर्षांमागून वर्षे गेली. दोघी नाताळास भेटत, आणि कोणी मेले तर भेटत. एरवी तीन वाजता आपापल्या ओसरीवर आपापली कॉफी घेऊन बसत आणि गढीच्या बाजूने एकमेकींस हात करीत. दूरध्वनी होता, परंतु मालमोटारींच्या घरघरीत ‘काय?’ आणि ‘मोठ्यानं बोल’ यापलीकडे मजकूर जात नसे. त्यातच निदियाबाईंची कन्या योर्लेनी हिने कंपनीची चाकरी पत्करोन उत्तरेकडील चौकीत बसावयास आरंभ केला. घरचे माणूस गनिमाच्या गढीत गेले म्हणोन गाव कुजबुजले, तेव्हा सोराइदाबाई इतकेच बोलल्या की, “पोरीला पगार मिळतोय, तिचा काय दोष? पण ती टोपी काही तिला शोभत नाही.”

ऐसियात कंपनीचे फर्मान निघाले की, नव्या बंगल्यांतील रहिवाशांस रस्त्याचा गोंगाट सोसवत नाही, सबब रस्त्याच्या दोन्ही अंगांस दोन पुरुष उंच, आवाज अडविणारी भिंत उभी राहील, आणि कामास एप्रिलात हात लागेल. फर्मान ऐकोन निदियाबाई ओसरीवरून उठोन आत गेल्या आणि दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. सोराइदाबाईंनी दोन दिवस रिकाम्या ओसरीकडे हात केला. पाव गेला, बोलणे गेले, आता दिसणेही जाणार, हे त्यांस सोसवेना. तिसरे दिवशी त्यांनी रविवारचा पोशाख केला आणि अर्ज घेऊन कंपनीच्या कचेरीत दाखल जाहल्या.

इंजिनेराने अदबीने खुर्ची दिली आणि यंत्रावर बोटे ठेवोन पत्ता विचारिला.

“जुन्या उंबरापासून शंभर वार पश्चिमेला, मग थोडं वर. फाटक निळं होतं ते घर.”

“होतं म्हणजे?”

“आता हिरवं आहे. पण निळं म्हटलं की सगळ्यांना कळतं.”

“बाई, उंबर नकाशात दिसत नाही.”

“पाडला म्हणून दिसत नाही. असता तर दिसला असता.”

“मग तो पत्ता कसा धरायचा?”

“इतकी वर्षं माझी सगळी पत्रं त्याच पत्त्यावर येतात. पोस्टमनला विचारा, तो तुमच्यापेक्षा लहान आहे, त्यानं तर झाड पाहिलंही नाही.”

इंजिनेराने यंत्रास पुष्कळ विनविले, परंतु यंत्र उंबर घेईना आणि पत्त्याविना अर्ज पुढे सरकेना. तेव्हा त्याने खेदपूर्वक हुकूम दिला की, ज्यास पत्ता नाही त्याची तक्रार दाखल होत नाही. सोराइदाबाईंनी अर्जाची घडी घातली, “बरं, मग आम्हीच येतो तुमच्या पत्त्यावर,” इतकेच सांगितले, आणि उठोन आल्या.

त्याच सांजेस राजमान्य राजश्री अबेलार्दोराव असोफेइफा यांच्या गोठ्यात मसलत बसली. अबेलार्दोराव म्हणजे गाडीवानांचे सेनापती, बैलांच्या शिंगांस तेल आणि स्वतःच्या मिशांस त्याच डब्यातील तेल लावणारे. त्यांचे गालान आणि क्लावेल हे दोन बैल पंचक्रोशीत नामांकित, आणि मार्चातील रविवारी गावात गाड्यांची जी मिरवणूक निघे तिच्यात हरोलीचा, म्हणजे सर्वांपुढे चालण्याचा, मान त्यांचा. सोराइदाबाईंनी मसलत मांडिली की यंदाची मिरवणूक गावात फिरविण्याऐवजी महामार्गाने थेट कंपनीच्या दारी न्यावी आणि अर्ज समक्ष द्यावा.

“बैल मोटारींना बुजतील का हो, अबेलार्दोराव?”

“बैल कशाला बुजतील? ते माझ्या बायकोला बुजत नाहीत, बाई.”

अबेलार्दोरावांच्या पत्नी दाराआडच उभ्या होत्या, त्यामुळे मसलत काही काळ तहकूब राहिली. मग पुन्हा बसोन ऐसे ठरले की, दक्षिणेकडील गाडीवानांनी पहाटे निघोन नदीवरील पुलाने वळसा घालोन यावे, आणि उभय फौजांनी रविवारी प्रार्थना आटोपल्यावर जुन्या उंबरापाशी एकवट व्हावे. तैसे फर्मान दोन्ही तीरांस रवाना जाहले. दक्षिणेकडील गाडीवानांनी ते ऐकिले, आणि जुना उंबर तर आपल्या दारातच, मग पहाटे उठोन पुलावरून कशास यावे, म्हातारीस वयोमानाने चुकले असेल, ऐसा विचार करोन ते उशिरापर्यंत निजले.

रविवार उजाडला. उत्तरेची फौज सज्ज जाहली, तिचे वर्णन काय करावे. चाकांवर नारिंगी, निळे, पिवळे रंग, जुवांवर फुले, गाडीवानांच्या खांद्यांवर लांब पराण्या, गाड्यांत नातवंडे, आज्या, टोपल्या, एका गाडीत गिटार आणि एका गाडीत पाद्रीबाबा, ज्यांस पायी चालवत नव्हते. सर्वांपुढे अबेलार्दोरावांच्या गाडीत उशीवर सोराइदाबाई, मांडीवर किटली. फौज जेथे उंबर उभा होता तेथे येऊन थांबली. दक्षिणेची फौजही तितक्याच थाटाने, निदियाबाईंस पुढील गाडीत पावाच्या टोपलीसकट बसवोन, जेथे गुत्ता जळाला तेथे येऊन थांबली. दोन्ही फौजा एकमेकींची वाट पाहू लागल्या, आणि मध्ये गढी व वळण असल्यामुळे कोणास कोणी दिसेना. मग सोराइदाबाईंनी बहिणीस दूरध्वनी केला.

“अगं, कुठं आहेस?”

“जुन्या उंबरापाशी. तू?”

“मीपण जुन्या उंबरापाशीच.”

“मग मला दिसत कशी नाहीस?”

“चष्मा पूस आधी. मी एवढे चाळीस बैल घेऊन उभी आहे.”

“मीपण बैलच घेऊन उभी आहे. तुझे बैल मला दिसेनात.”

येथे मालमोटार गेली आणि मजकूर तुटला. उत्तरेकडे ऐसी बोलवा उठली की दक्षिणेकडील लोक अंथरुणातून थापा मारीत आहेत. दक्षिणेकडे ऐसी बोलवा उठली की उत्तरेकडील लोक ऐन वेळेस कच खाऊन घरी बसले. उभय फौजांस आवेश चढला, आणि तुमच्यावाचोन आमचे अडत नाही ऐसे म्हणोन दोन्ही फौजा आपापल्या अंगाने महामार्गावर शिरल्या. उत्तरेची फौज शहराकडून समुद्राकडे निघाली, दक्षिणेची समुद्राकडून शहराकडे, आणि दोन्ही एकाच समयी, दोन बाजूंनी, गढीच्या दारात येऊन उभ्या ठाकल्या. जगातील थोर सेनापतींस वर्षानुवर्षे मनसुबे करोन जो वेढा साधत नाही तो सांता रोसेन्दाच्या लोकांस दोन नाहीशा जाहलेल्या उंबरांमुळे आपोआप साधला. मध्ये छातीइतकी भिंत, अलीकडे एक फौज, पलीकडे दुसरी, आणि गाडी जुंपलेले बैल मागे सरत नाहीत हे ज्यास ठाऊक नाही त्याने बैल पाळिलेले नाहीत.

उत्तरेच्या पहिल्या चौकीत योर्लेनी बसली होती. तिने काच सरकविली.

“मावशी, हे काय आणलंस?”

“गाडी. घे जकात आणि उघड दांडा, मला तुझ्या साहेबाकडे जायचंय.”

“बैलगाडीचं बटणच नाही गं माझ्याकडे. मोटार आहे, बस आहे, मालमोटार आहे.”

“मालमोटारीचं दाब. पोती वाहिलीत आम्ही पण.”

“त्याला चाकांच्या जोड्या मोजाव्या लागतात. तुझी एकच जोडी. एक जोडीचं काहीच नाही इथं.”

“आणि बैलांचे पाय आठ, ते धर की.”

योर्लेनीने नाइलाजाने वरिष्ठांस विचारणा केली. वरिष्ठांकडून सवाल आला की बैल हे वाहनाचे यंत्र समजावे किंवा वाहनातील माल समजावा. अबेलार्दोरावांस हा सवाल ऐकवला, तेव्हा त्यांनी टोपी काढोन गंभीरपणे जबाब दिला की, बैल हे घरचे आहेत. हा जबाब वरिष्ठांकडे गेला आणि तेथे त्यावर खल सुरू जाहला. मधल्या काळात एक कारकून तोडगा म्हणोन गालानच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून गेला. गालानाने मान हलविली, पीक जाहले, दांडा वर गेला. त्याने पुन्हा मान हलविली, पीक जाहले, दांडा खाली आला. बैलास तो आवाज आवडला. मग क्लावेलाने जीभ लांबवोन ती चिठ्ठी खाल्ली, आणि त्याच्या पोटातून दोन वेळा पीक ऐसा आवाज आल्याचे पाद्रीबाबांनी शपथेवर सांगितले आहे. अखेरीस दांडा गालानच्या शिंगावर पडोन राहिला आणि बैलाने तो तैसाच धरोन रवंथ आरंभिला.

मोटारींची रांग पूर्वेस शहराच्या वेशीपर्यंत आणि पश्चिमेस समुद्राच्या वाटेवर डोंगराआड गेली. समुद्रस्नान करोन परतणारी कुटुंबे, मासळीची मालमोटार, नवरीची मोटार, सारे अडकले. आरंभी सर्वांनी भोंगे वाजविले. बैलांनी कान हलविले. मग आंबे आणि केळ्यांचे तळलेले काप विकणारे आले, मोटारींची दारे उघडली, लोक सावलीस बसले, आणि ऊन असल्यामुळे व तेल महाग असल्यामुळे एकेकाने आपापले यंत्र बंद केले. एक बंद जाहले, दहा जाहली, मग सारी बंद जाहली.

आणि महामार्गावर सामसूम पसरली. कित्येक वर्षांत त्या जागी कोणी असली शांतता ऐकिली नव्हती. मळ्यातील पाखरे ऐकू आली, बैलांचे रवंथ ऐकू आले. आणि भिंतीपलीकडून, कोणी ओरडले नाही, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात शब्द आले.

“सोरा, झोळी धुतली नाहीस ना? कुबट वास येतोय कॉफीला.”

सोराइदाबाईंनी किटली उशीवर ठेविली. सेवक त्याच गाडीमागे उभा होता आणि हे लिहिताना आजही त्याचे डोळे भरतात, ते लपवावयाचे कारण नाही. परंतु उमान्या घराण्याची रीत वेगळी. सोराइदाबाईंनी नाक पुसले आणि जबाब दिला, “धुतली आहे. तुझ्या पावाचाच वास असेल तो.”

अबेलार्दोरावांची गाडी भिंतीलगतच उभी होती, दक्षिणेच्या गाडीवानांनीही निदियाबाईंची गाडी तिजसमोर भिंतीशी लाविली, दोघी आपापल्या गाडीत उभ्या राहिल्या, आणि ती कंपनीची भिंत, जिने इतकी वर्षे ताटातूट केली, तिची उंची बरोबर गाडीत उभ्या असलेल्या म्हातारीच्या हाताशी, पाव ठेवावयास आणि कॉफी ओतावयास सोयीची निघाली. भिंतीवर कापड अंथरले गेले. दोघींनी एकमेकींच्या मनगटास धरले, बराच वेळ सोडिले नाही, आणि मग एकमेकींस किती म्हातारी दिसतेस म्हणोन सांगितले.

इंजिनेर रोविरा आपल्या मोटारीत निघाला होता, परंतु त्याची मोटार त्याच्याच रांगेत अडकली, सबब तो उन्हातून पायी आला, गळ्यातील फीत सैल, अंगरखा घामाने चिंब. त्यास पाहोन फौजेत कुजबुज जाहली. सोराइदाबाईंनी त्यास कप भरोन दिला. तो तहानेला होता, प्याला. निदियाबाईंनी दुसरा भरिला, कारण आमच्याकडे एका कपावर पाहुण्यास उठू देत नाहीत, आणि दोन कप पिऊन वर पाव खाल्लेल्या माणसास त्याच घरच्यांविरुद्ध फर्मान काढिता येत नाही, हे त्यास कोणी न सांगता उमगले. त्याने भिंतीकडे पाहिले, दोघींकडे पाहिले, आणि हळूच विचारिले की, “तुम्हाला नेमकं हवंय काय? जकात माफ?”

“जकात घ्या हो खुशाल,” सोराइदाबाई म्हणाल्या, “मला हिच्याकडे जायचंय.”

मग त्याच भिंतीवर तह जाहला. आवाज अडविणारी भिंत या दोन घरांसमोर उभारू नये. मधल्या भिंतीस माणूस व किटली जाईल ऐसी वाट पाडावी. तेथे लाल-हिरवा दिवा बसवोन खांबास बटण लावावे, आणि बटण दाबिले की कोणाचीही मोटार असो, वजिराची असो, तिने थांबावे. दिवा कोठे बसवावा हे लिहिण्याची पाळी आली, तेव्हा मैलाचा दगड बैलांआड गेला असल्यामुळे इंजिनेराने डोके खाजविले आणि निमूटपणे लिहिले की, ‘जुन्या उंबरापाशी’. दोन्ही फौजांनी टोप्या उडविल्या. गालानच्या शिंगावरील दांडा उतरवला गेला आणि सूर्यास्तासमयी रस्ता मोकळा जाहला.

महिन्याभरात कंपनीचे कामगार दिवा घेऊन आले आणि जुना उंबर कोठे म्हणोन विचारू लागले. उत्तरेकडील लोकांनी झाडाची जागा दाखविली. दक्षिणेकडील लोकांनी गुत्त्याची जागा दाखविली. दोन्हीकडील लोक इतक्या खात्रीने बोलत होते की कामगारांनी तहाचा कागद पुन्हा वाचिला, त्यात चूक काढिता येईना, आणि तहाचा भंग नको म्हणोन त्यांनी दोन्ही जागी भिंतीस वाट पाडोन दोन दिवे बसविले, एक गढीच्या पूर्वेस, एक पश्चिमेस.

दिवे लागले त्या दिवशी सारे गाव दुतर्फा जमले. तीनचा सुमार जाहला. इतक्या वर्षांच्या खंडानंतर पाळी कोणाची हे ठरले नव्हते, आणि जिंकले कोणी तर आपण, सबब जावयाचा मान आपला, ऐसे दोघींनीही मनोमन धरिले होते. सोराइदाबाईंनी किटली घेतली, पूर्वेचा खांब गाठिला आणि बटण दाबिले. निदियाबाईंनी पावाची टोपली घेतली, पश्चिमेचा खांब गाठिला आणि बटण दाबिले. दोन्ही दिवे लाल जाहले, सारा महामार्ग थांबला, मध्ये गढीचे छप्पर असल्यामुळे एकीस दुसरी दिसली नाही, आणि उभय बहिणी मान ताठ ठेवोन रस्ता ओलांडोन गेल्या.

गावातील एकानेही त्यांस हटकले नाही, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. उलट अबेलार्दोरावांनी एका खांबाच्या बटणावर आणि योर्लेनीने टोपी काढोन दुसऱ्या खांबाच्या बटणावर बोट ठेविले आणि काढिले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, सान होसेकडून समुद्राकडे आणि समुद्राकडून सान होसेकडे जाणारी समस्त वाहने निश्चल उभी असताना, सोराइदाबाई उमान्या निदियाबाईंच्या ओसरीवर पावावाचोन किटली घेऊन, आणि निदियाबाई उमान्या सोराइदाबाईंच्या ओसरीवर कॉफीवाचोन पाव घेऊन, समोरासमोर बसोन एकमेकींस यथेच्छ शिव्या देत होत्या, आणि रस्त्यावर एकही यंत्र चालू नसल्यामुळे त्यातील एकही शिवी वाया गेली नाही.